वेस, वेसकर आणि बूम बॅरिअर

मागच्या वर्षी बी.ए.च्या वर्गात मी शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' शिकवीत होतो. मागच्या बाकावरील एका मुलीने मध्येच विचारले, "सर, वेस म्हणजे नेमके काय?" वर्ग हसला नाही, कारण निम्म्याहून अधिक मुलांना वेस ठाऊक नव्हती. 'लक्तरे वेशीवर टांगणे' हा वाक्प्रचार त्यांनी परीक्षेत अर्थासह लिहिला होता, वेस मात्र पाहिली नव्हती. मी फळ्यावर एक गाव काढले. गावाभोवती कूस, कुसाला दार, दाराशी काठी घेऊन बसलेला माणूस, आणि त्या माणसाचे घर कुसाच्या बाहेर. मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, माझी आई कामाला जाते त्या सोसायटीचे गेट." आता वर्ग हसला. मला हसता आले नाही. त्या तासाला मी पुढे काय शिकविले ते आठवत नाही. हा लेख म्हणजे त्या तासाचा राहून गेलेला भाग आहे असे समजावे.

दलित साहित्यातील वेस, गावकूस, चावडी या गोष्टी आता इतिहासजमा झाल्या असे आपल्या समीक्षेने गृहीत धरलेले आहे. दलित आत्मकथने हा एका संपलेल्या जगाचा दस्तऐवज आहे, त्याची नोंद झाली, पदव्या झाल्या, आता नवे काही लिहा, असे प्रस्थापित समीक्षक सांगतात. आपल्यातील काही विद्वानही त्यांच्या सुरात सूर मिळवितात. मला त्यांना एवढेच विचारावयाचे आहे की, तुम्ही ज्या सोसायटीत राहता तिच्या गेटवर तुम्ही कधी पायी गेला आहात काय? गाडीतून नव्हे, पायी. आणि हातात पिशवी घेऊन?

माझा चुलतभाऊ गेट बसविण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, काही वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काढली, आता स्वतःची दोन पोरे घेऊन पुण्याच्या आसपासच्या सोसायट्या आणि बंगले सांभाळतो. त्याच्यामुळे मला या यंत्रांची थोडी ओळख झाली. साहित्याच्या माणसाने यंत्राबद्दल बोलू नये असे ज्यांना वाटते त्यांनी पुढची दोन-चार परिच्छेदे सोडून द्यावीत. पण माझे म्हणणे असे की, आजच्या समाजव्यवस्थेचे व्याकरण त्या पेट्यांत आणि तारांत लिहिलेले आहे आणि ते वाचावयास शिकणे हे आपले काम आहे.

बूम बॅरिअर म्हणजे रस्त्यावर आडवा पडणारा आणि उभा होणारा दांडा. त्याच्या पेटीत मोटर असते, दांड्याचे वजन तोलणारी स्प्रिंग असते, दांडा कोठे थांबावयाचा ते सांगणारे लिमिट स्विच असतात. दांड्याखाली गाडी असताना तो खाली येऊ नये म्हणून रस्त्यात लूप घालतात. रस्ता ब्लेडने कापून चौकोनी चर पाडावयाची, तीत तारेचे तीन-चार वेढे टाकावयाचे, वरून डांबरासारखा मसाला भरावयाचा. गाडीचे लोखंड त्यावर आले की तारेभोवतालचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि पेटीला कळते की गाडी उभी आहे. भाऊ मला हे समजावून सांगत होता तेव्हा मी त्या चौकोनावर उभा राहिलो. काहीच झाले नाही. तो म्हणाला, "दादा, तू किती वेळ उभा राहिलास तरी त्याला कळायचं नाही. त्याला लोखंड लागतं." पायी येणारा माणूस त्या लूपच्या लेखी नाहीच. माणसासाठी वेगळा किरण लावावा लागतो, फोटोसेल म्हणतात त्याला. आणि तो पुष्कळ ठिकाणी लावलेलाच नसतो, किंवा धूळ बसून मेलेला असतो.

आतल्या रहिवाशाच्या गाडीच्या काचेवर एक टॅग चिकटविलेला असतो. टोलनाक्यावरील फास्टॅगचाच तो भाऊबंद. त्यात बॅटरी नसते. खांबावरच्या रीडरकडून येणाऱ्या लहरींवरच तो जागा होतो, आपला क्रमांक सांगतो, कंट्रोलर यादीत क्रमांक पाहतो, रिले टक् करून वाजतो आणि दांडा वर जातो. काच खाली करावी लागत नाही. तुम्ही कोण, कोणाकडे, कशासाठी, असे कोणी विचारीत नाही. गाडी कोण चालवीत आहे हे त्या यंत्राला ठाऊक नसते आणि त्याची त्याला पर्वाही नसते. ती गाडी चोराने पळवून आणली तरी दांडा तितक्याच अदबीने उठेल.

याच गेटच्या कडेला दुसरे दार असते. ते माणसांचे. येथे फिरते आडवे दांडे, चेहरा ओळखणारी किंवा बोट ओळखणारी पेटी, आणि सुरक्षारक्षकाच्या हातात फोन. बंगळूरला २०१६ साली निघालेल्या मायगेटसारख्या ॲपांनी हा सारा व्यवहार फोनवर आणला. घरकाम करणाऱ्या बाईला एक आकडा मिळतो. तो सांगितला की ती आत येते आणि ती ज्या ज्या घरी काम करते त्या घरांतील फोनवर सूचना जाते की ती आली. जाते तेव्हाही कळते. महिन्याची हजेरी आपोआप निघते. काही ठिकाणी घरमालकीण तिला तारे देते, पाचापैकी तीन, पाचापैकी चार, आणि ते तारे दुसऱ्या घरांना दिसतात. तिने मालकिणीला तारे देण्याची सोय माझ्या पाहण्यात तरी कोठे आलेली नाही.

बोट ओळखणाऱ्या पेटीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. सारा जन्म भांडी आणि धुणी केलेल्या बायकांच्या, सिमेंट कालविणाऱ्या गवंड्यांच्या हातावरील रेषा झिजलेल्या असतात. साबण, सोडा, चुना त्या खाऊन टाकतात. पेटीवर बोट ठेवले की तांबडा दिवा लागतो. पुन्हा ठेवा, पुसून ठेवा, दुसरे बोट ठेवा. रेशनच्या दुकानात आधारच्या यंत्रावर हेच होते हे आपल्यापैकी पुष्कळांनी घरातील म्हाताऱ्यांबरोबर रांगेत उभे राहून पाहिलेले आहे. ज्या हाताने त्या घराची भांडी घासली, तो हात घासता घासता त्या घराच्या दाराला अनोळखी झाला. माझा भाऊ अशा वेळी पेटी बदलून चेहऱ्याची पेटी लावून देतो. त्याचे बिल वेगळे.

आता या साऱ्याला वेसकराशेजारी ठेवून पाहू या.

महार वतनदारांच्या कामांची जंत्री जुन्या लेखनात पुष्कळ मिळते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या पुस्तकात गावकामगार, बलुतेदार आणि त्यांचे हक्क यांचे तपशील भरपूर आहेत. पण आत्रे सरकारी नोकरीतले आणि कुणब्याच्या कळवळ्याने लिहिणारे. त्यांना महार दिसतो तो कामावरून आणि बलुत्यावरून, माणूस म्हणून नव्हे. आमच्या आजोबांच्या तोंडून मी जे ऐकले ते अधिक उघडे होते. रात्री वेस लावून घेणे, पहाटे उघडणे, गावात परका माणूस शिरला की पाटलाला वर्दी देणे, सरकारी माणसाचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोचविणे, मयताचा सांगावा नेणे. यातला 'वर्दी' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. आज ज्याला व्हिजिटर मॅनेजमेंट असे भारदस्त नाव आहे ती वर्दीच होय. कोण आला, कोणाकडे आला, केव्हा गेला. गावाच्या सुरक्षिततेचा सगळा भार ज्याच्यावर टाकलेला होता, जो परक्याला अडवू शकत होता, त्याला स्वतःला मात्र गावातील कोणत्याही घराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकण्याची मुभा नव्हती. दार त्याच्या हाती होते आणि घर दाराबाहेर होते. जगाच्या इतिहासात दारवान पुष्कळ झाले; दाराची किल्ली हाती असूनही पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर वस्ती करणारा वेसकर ही आपल्या वर्णव्यवस्थेची खास निर्मिती आहे.

कुसाचीही तीच कथा. चोखोबांचा अंत मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना, ते कोसळून, त्याखाली सापडून झाला असे परंपरा सांगते, साल १३३८. ज्या भिंतीने त्यांना बाहेर ठेवले तीच बांधताना ते गेले, आणि त्यांची समाधी पंढरपूरला झाली ती विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, म्हणजे दाराबाहेरच. ते दार आपल्याला उघडावयास साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वतनाचे खरे रूप ओळखले होते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. चतकोर भाकरीसाठी आणि तुकडाभर इनामी जमिनीसाठी आख्ख्या जातीने चोवीस तास गावाचे बांधील राहावे, हे त्यांना मोडावयाचे होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. आमच्या आजोबांनी काठी ठेवली ती त्याच्या थोडी आधी, धम्मदीक्षेच्या वर्षी. ती काठी पुढे कित्येक वर्षे आमच्या घरात म्हशीच्या गोठ्याला अडणा म्हणून होती.

त्या काठीबद्दल बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये लिहिले आहे. येसकराच्या काठीला घुंगरे असत. तिचा आवाज आला की गावाला कळे, भाकरी मागावयास येसकर आला. बेबीताईंच्या लेखनाची ताकद अशी की, त्या काठीचा येसकराला वाटणारा मानही त्या सांगतात आणि तो मान किती केविलवाणा आहे तेही दाखवितात. मी हा भाग वर्गात वाचून दाखविला तेव्हा शेजारच्या बाईंच्या फोनवर टिंग वाजले. त्यांची कामवाली सोसायटीच्या गेटमधून आत शिरली होती. त्यांनी सहज सांगितले, मी सहज ऐकले. आणि मग मला कळले की घुंगरे गेलेली नाहीत. ती काठीवरून उतरून मालकाच्या खिशात गेली आहेत. पूर्वी येसकर स्वतः काठी आपटीत असे, म्हणजे आपल्या येण्याची वर्दी निदान तो स्वतःच्या हाताने देत होता. आता बाईला ठाऊकही नसते की आपण पाऊल टाकताच चार घरांत घुंगरू वाजले.

वेळेचेही तसेच. पेशवाईत महार-मांगांना दुपारी ३ नंतर आणि सकाळी ९ पूर्वी पुण्याच्या वेशीच्या आत येण्याची बंदी होती, कारण त्या वेळी अंगाची सावली लांब पडते, ही गोष्ट गो. स. घुर्ये यांनी 'कास्ट अँड रेस इन इंडिया' (१९३२) मध्ये नोंदविलेली आहे. आजच्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक पासाला वेळेची चौकट घालता येते. कामवाल्या सकाळी ६ ते रात्री ८, डिलिव्हरीवाले १५ मिनिटे, गवंडी-सुतार १० ते ५. सावलीचे कारण कोणी देत नाही. लिफ्ट रिकामी राहावी, दुपारी मुले झोपतात, अशी सोज्वळ कारणे असतात. मी सरसकट हे त्याच मापाने मोजत नाही. पेशवाईतल्या त्या बंदीमागे धर्माज्ञेचा आणि दंडुक्याचा जोर होता, येथे सभेचा ठराव आहे. पण ठरावाच्या सभेत कामवाली नसते हेही खरे.

येथे एक आक्षेप येईल. आक्षेप घेणारे म्हणतील, यंत्राला जात नसते. रिले टक् वाजतो तो ब्राह्मणासाठीही वाजतो आणि बौद्धासाठीही वाजतो. गावात दार माणसाच्या हाती होते म्हणून पक्षपात झाला. आता ते यंत्राच्या हाती गेले, हे बरेच झाले. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. खुद्द आपणच शहर, रेल्वे, कारखाना यांचे स्वागत याच कारणासाठी केले. तिकीट घेतले की डब्यात बसता येते, यंत्राला जात विचारण्याची सवय नसते. परंतु यंत्राला यादी लागते, आणि यादी माणूस करतो. त्या पडद्यावर येणाऱ्याचे रकाने ठरलेले आहेत: पाहुणा, टॅक्सी, डिलिव्हरी, घरकाम. कोणाला कोणत्या रकान्यात घालावयाचे हे दारावरचा माणूस डोळ्यांनी ठरवितो. साडी कशी नेसली आहे, पायात काय आहे, भाषा कोणती, रंग कोणता. यंत्र जात विचारीत नाही. ते विचारण्याची गरज संपल्यावर यंत्र सुरू होते.

आणि यादीच्याही आधी दुसरी एक यादी असते: आत घर कोणाला मिळाले त्यांची. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतील तरुणाला नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून जात लपवावी लागते. बागुलांनी ती कथा लिहिल्यावर बेचाळीस वर्षांनी, २००५ साली, सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, एखाद्या सहकारी संस्थेने सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा उपविधी केला तर तो बेकायदा नाही. बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून लाठ्याकाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले होते हे आठवून कोणी हा योगायोग पारशांच्या माथी मारू नये; एका लहानशा समाजाला आपली वस्ती टिकवावी वाटणे मी समजू शकतो. प्रश्न त्या निर्णयाच्या आडोशाने इतर कोण कोण उभे राहील हा आहे. शाकाहारी, एकाच देवाचे, एकाच पेठेतले. संघटनेचे स्वातंत्र्य घटनेने दिले. सार्वजनिक स्थळी मज्जाव न होण्याचा हक्कही घटनेने दिला. आणि सोसायटीचे गेट या दोहोंच्या बरोबर मध्ये उभे आहे. आतला रस्ता सार्वजनिक नाही असे म्हटले की झाले.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणाला 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे नाव दिले, ते उगाच नव्हे. व्हिसा म्हणजे दारावरची परवानगी. त्यातला १९३४ चा दौलताबादचा प्रसंग मला या संदर्भात सर्वांत मोलाचा वाटतो. किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर बाबासाहेबांनी आणि बरोबरच्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून गलका झाला. शेवटी किल्ला पाहू दिला तो आत कोठेही पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, आणि त्यावर नजर ठेवावयास एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. म्हणजे दार उघडले. प्रवेश मिळाला. आणि तरीही दार त्यांच्याबरोबर किल्लाभर चालत राहिले. आपल्या चळवळीने आणि समीक्षेने 'प्रवेश' या शब्दाला फार मोठे केले: तळ्यावर प्रवेश, मंदिरात प्रवेश, शाळेत प्रवेश. ते बरोबरच होते. पण प्रवेश मिळाल्यानंतर शिपाई बरोबर चालतो, हे दौलताबादने सांगितलेले आपण पुरेसे वाचले नाही.

आता आपल्या साहित्याकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तेथे आहे. 'तराळ-अंतराळ' (१९८१) हे नावच एक प्रवास सांगते. तराळाचा मुलगा कुलगुरू होतो. या प्रवासाचा अभिमान मला आहे, तो वाचूनच मी शिकलो. पण पुढे आपल्या आत्मकथनांना या प्रवासाचा साचा झाला. नायक कुसाबाहेर जन्मतो, शिकतो, दारातून आत येतो, आणि पुस्तक संपते. आत आल्यावर तो दाराकडे पाठ करून बसतो की तोंड करून, हे थोड्यांनीच लिहिले. दया पवारांनी मात्र 'बलुतं' (१९७८) मध्ये ते सुरुवातीलाच मांडले. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाची दोन नावे, दोन आयुष्ये, आणि एकाला दुसऱ्यासमोर बसून बोलावे लागते. या रचनेकडे आपण केवळ निवेदनाची युक्ती म्हणून पाहिले. मला ती आजची सर्वांत जवळची वस्तुस्थिती वाटते. आज दया पवारच्या गाडीच्या काचेवर टॅग आहे आणि दगडू फिरत्या दांड्यापाशी उभा आहे. दगडूला आत घ्यावयाचे की नाही ते दया पवारच्या फोनवर विचारले जाते.

हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी मी बँकेचे कर्ज काढून अशाच एका सोसायटीत दोन खोल्या घेतल्या. सहाव्या मजल्यावर. गेल्या पावसाळ्यात गेटचा बूम बॅरिअर अर्धवट उभा राहून अडकला. जंक्शन बॉक्समध्ये पाणी गेले होते आणि बोर्डावर मुंग्यांनी घर केले होते. सोसायटीने ज्याला देखभालीचे काम दिले होते तो माझा चुलतभाऊच निघाला. त्याने पेटी उघडली, बोर्ड साफ केला, स्प्रिंगचा ताण बसविला, दांडा दहा वेळा खाली-वर करून पाहिला. संपूर्ण गेट त्याच्या हातात होते. कंट्रोलरचा मुख्य पासवर्ड त्याला ठाऊक होता. मग तो चहाला माझ्या घरी यावयास निघाला आणि त्याच गेटवर थांबला. माझ्या फोनवर आले: सेवा, दुरुस्ती, परवानगी द्यावी काय? मी बटण दाबले. वर आल्यावर तो हसत म्हणाला, "दादा, मला वाटलं तू नाही म्हणतोस का काय." मी हसलो खरा, पण नंतर रात्री मला आजोबांची काठी आठवली.

दुसरा प्रसंग लिहू की नको असे पुष्कळ दिवस वाटत होते. आई गावाहून एकटी आली. एस.टी.तून उतरून, रिक्षा करून, पत्त्याचा कागद दाखवीत गेटपर्यंत पोचली. मी कॉलेजात पेपर तपासणीच्या बैठकीत होतो, फोन बंद करून. रक्षकाने विचारले, "मावशी, कोणाकडं?" (हा 'मावशी' शब्दही पाहण्यासारखा आहे. नाते न ठेवता नात्याने हाक मारण्याची सोय.) ती म्हणाली, "ल्योकाकडं." त्याने फोनवर तिचा फोटो काढून माझी परवानगी मागितली. तीनदा मागितली. एक तास चाळीस मिनिटे ती रक्षकाच्या केबिनच्या पायरीवर बसून राहिली. मी फोन चालू केला तेव्हा तिन्ही विचारणा एकाखाली एक आल्या. तिन्हीत आईचा फोटो होता, उन्हाने डोळे बारीक केलेला, डोक्यावर पदर, हातात भाकरीचे गाठोडे. आणि खाली रकाना: घरकाम.

मी तरातरा गेटवर गेलो. रक्षक जालन्याकडचा पोरगा, आडनावावरून आपलाच. त्याने आईला पाणी दिले होते, आपली खुर्ची दिली होती. तीच बसली नव्हती. तो म्हणाला, "सर, मला दिसत होतं आई आहे म्हणून. पण बटण माझ्याकडं नाही. तुम्ही दाबल्याशिवाय सोडलं तर माझा पगार कापतात. आणि रकाना सर, आईचा रकानाच नाही त्यात." वेसकराला निदान माणूस ओळखून आत सोडण्याचा अधिकार होता. या पोराकडून तोही काढून घेतलेला आहे. त्याला बारा तास उभे करून फक्त त्याचे डोळे आणि अंगठा भाड्याने घेतला आहे. १९८१ साली महाराष्ट्राने सुरक्षारक्षकांसाठी वेगळा कायदा केला, त्यांच्या नोकरीचे नियमन व्हावे, कल्याण व्हावे म्हणून. तो कायदा त्याला ठाऊक नव्हता. मलाही त्या दिवसापर्यंत नव्हता.

आई काही बोलली नाही. रात्री जेवताना एवढेच म्हणाली, "तुझ्या आज्याच्या वक्ताला येस रातच्याला लावायचे." म्हणजे दिवसा तरी उघडी असे.

सुरक्षिततेची गरज खोटी आहे असे मी म्हणत नाही. एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, म्हातारी माणसे यांना दाराचा आधार वाटतो, आणि मीही रात्री गेट बंद असल्यावर निवांत झोपतो. पण भय कोणाचे, हे एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. जुलै २०१७ मध्ये नोएडाच्या एका मोठ्या सोसायटीत घरकाम करणारी बाई रात्री घरी परतली नाही. मालकांनी तिच्यावर चोरीचा आळ घेतला, तिने मारहाण करून अडकवून ठेवल्याचा आरोप केला. सकाळी तिच्या वस्तीतील माणसे गेटवर जमली, गेट ओलांडून आत घुसली, दगडफेक झाली. पुढे अटक झाली ती वस्तीतल्या माणसांना, आणि सोसायटीजवळची टपरीवजा दुकाने पाडण्यात आली. ती बाई बंगाली मुसलमान, म्हणून तिला बांगलादेशीही ठरविण्यात आले. त्या दिवसाच्या बातम्यांत 'जमाव गेट तोडून आत शिरला' हे वाक्य पुष्कळ वेळा आले. रात्रभर एक बाई गेटच्या आत राहिली होती आणि तिच्या नवऱ्याला ती कोठे आहे हे कळावयास दुसरा मार्ग नव्हता, हे तितक्या ठळक अक्षरांत आले नाही. ज्या दारातून ती केव्हा आत गेली हे मिनिटासह कळते, ती बाहेर आली नाही हेही त्याच दाराला ठाऊक असणार. पण दार कोणाला वर्दी देते, हा प्रश्न आहे. ते आतल्यांनाच वर्दी देते.

माझ्या भावाने मला कुलपांबद्दल एक गोष्ट सांगितली, ती येथे सांगतो. विजेवर चालणारी कुलपे दोन प्रकारची. एकात वीज गेली की दार उघडे पडते, दुसऱ्यात वीज गेली की बंदच राहते. चुंबकी कुलूप पहिल्या प्रकारचे, वीज आहे तोवरच धरून ठेवते. आग लागली तर माणसे अडकू नयेत म्हणून बाहेर पडण्याच्या वाटेवर तसेच कुलूप असावे हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. कुलूप निवडताना त्यांना नेहमी विचारावे लागते: अडचण आली तर हे दार कोणाच्या बाजूने राहावे? तो म्हणतो, मुख्य दाराबद्दल कमिट्या वाद घालतात, नोकरांच्या जिन्याबद्दल कोणी विचारीतच नाही. जे स्वस्त असेल ते बसते. आपल्या समीक्षेने एखाद्या कलाकृतीला विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि तो मला सौंदर्यशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात मिळाला नव्हता.

आपल्या तरुण लेखकांना मला सांगावयाचे आहे ते हे की, वेस शोधण्यासाठी आजोबांच्या गावी जाण्याची गरज नाही. तुमच्यातले काही दाराबाहेर आहेत: रक्षक, डिलिव्हरीची पिशवी पाठीवर घेतलेले पदवीधर, लूप कापणारे पोरगे. त्यांनी लिहावे. आणि आमच्यासारखे जे आत आले आहेत त्यांनी आपल्या अंगठ्याबद्दल लिहावे. बटण दाबताना, किंवा न दाबताना, तो अंगठा नेमके काय करतो. हे लिहिणे पहिल्यापेक्षा अवघड आहे. त्यात वेदना सांगता येते, विद्रोह सांगता येतो, पण आपला दोषही सांगावा लागतो, आणि दोष सांगण्याचा सराव आपल्या आत्मकथनाला कमी आहे.

मी सोसायटीच्या वार्षिक सभेत तीन गोष्टी मांडल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना एकच दार असावे. घरकाम करणाऱ्यांना तारे देणे बंद व्हावे. आणि घरच्या माणसांची नावे एकदा यादीत घातली की त्यांना गेटवर परवानगी मागू नये. तिसरी गोष्ट लगेच मान्य झाली, कारण इतरांचेही आईवडील अडले होते. दुसरीवर 'पाहू' असे म्हणाले. पहिलीवर एका गृहस्थाने विचारले, "सर, तुम्ही हे एवढे मनाला का लावून घेता? तुम्ही तर आतले." मी उत्तर दिले नाही, कारण मला चटकन उत्तर सुचले नाही.

भावाला विचारले, दोन दारांचे एक करावयास किती खर्च येईल. तो म्हणाला, "खर्च कसला दादा, बाजूच्या दाराचा कंट्रोलर बंद करायचा आणि यादी मोठ्या दाराला जोडायची. अर्ध्या तासाचं काम आहे. पण सेक्रेटरीचं लेखी पत्र लागतं." पत्र अजून निघालेले नाही.